मोटारसायकलचं हँडल घरी बदलताना: नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

नाशिक शहरातून आणि दिंडोरी, निफाड, सिन्नर, त्र्यंबककडून हँडलबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच भाषेत ठेवलेत. हँडल धरून ठेवणारे बोल्ट बहुतेक गाड्यांना चारच असतात आणि ते पटकन निघतात. वेळ जातो आणि काम बिघडतं ते वायरी, ब्रेकची होज (ऑइलची नळी) आणि स्विच यांच्यात, म्हणून मजकूरही त्यांच्यावरच जास्त आहे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिलाय.

१. हँडल घरी बदलता येतं का? की गॅरेजलाच न्यावं?

स्प्लेंडर, शाइन, युनिकॉर्न, बुलेट अशा सरळ एका पाइपचं हँडल असलेल्या गाड्यांवर आरामात बदलता येतं. पुढे ड्रम ब्रेक असेल तर सगळ्यात सोपं, कारण सगळं वायरवर चालतं. डिस्क ब्रेक असला तरी होज पुरत असेल तोवर ऑइलला हात लावायची गरज पडत नाही. क्लिप-ऑन हँडल (प्र. १६), स्कूटर (प्र. १७) आणि एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीची होज बदलणं (प्र. ११) ही कामं पहिल्याच खेपेला घरी करू नका. पहिल्यांदा करताना रविवारचा अर्धा दिवस मोकळा ठेवा. सोमवारी फर्स्ट शिफ्ट आहे आणि रविवारी संध्याकाळी सहाला गाडी खोललीय, असं करू नका.

२. पाठ आणि मनगटं दुखतात. उंच हँडल टाकू का?

आधी आहे तेच फिरवून बघा. क्लॅम्पचे चारही बोल्ट थोडे ढिले करा, गाडीवर नेहमीसारखे बसा आणि हँडल थोडं मागे किंवा पुढे फिरवा. मग ब्रेक आणि क्लचचे लिव्हर असे खाली-वर करा की बोटं लिव्हरवर ठेवल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत हात एका रेषेत राहील. कंपनीतून येताना लिव्हर बऱ्याचदा वर उचललेले असतात. मग मनगट मोडून धरावं लागतं आणि दोष हँडलला मिळतो. एवढं करून आठवडाभर चालवा. तरीही त्रास होत असेल तर नवीन हँडल किंवा रायझरचा, म्हणजे हँडल उंच करणाऱ्या तुकड्यांचा (प्र. १५), विचार करा. उंची कमी असलेल्यांना बहुतेक वेळा हँडल वर नाही, जवळ हवं असतं. म्हणजे मागे वळलेल्या टोकांचं.

३. गाडी घसरून पडली. सरळ जाताना हँडल एका बाजूला वळलेलं दिसतं. हँडल वाकलं की फोर्क?

बहुतेक वेळा दोन्ही नाही. पडताना चाकाला झटका बसतो आणि फोर्कचे, म्हणजे पुढचं चाक धरणारे, दोन पाय वरच्या-खालच्या टीमध्ये (त्यांना जोडणाऱ्या आडव्या भागांत) किंचित पिळले जातात. काही वाकलेलं नसतं, फक्त जागेवरून सरकलेलं असतं. हे घरी सुधारतं, आणि नवीन हँडल विकत घेण्याआधी करून बघायलाच हवं.

गाडी डबल स्टँडवर घ्या. पुढच्या ॲक्सलचा नट ढिला करा. फोर्कला पकडणारे खालच्या टीचे आणि वरच्या टीचे बोल्ट एकेक करून ढिले करा, काढू नका. पुढे उभं राहून चाक दोन्ही गुडघ्यांत धरा आणि हँडल सरळ रेषेत येईपर्यंत वळवा. आता गाडी स्टँडवरून उतरवा आणि पुढचा ब्रेक दाबून फोर्क तीन-चार वेळा जोरात खाली दाबा, म्हणजे पाय आपापल्या जागी बसतील. मग आधी खालच्या टीचे बोल्ट, नंतर वरच्या, शेवटी ॲक्सल असं घट्ट करा.

एवढं करूनही वाकडंच दिसत असेल तर हँडल काढून सपाट फरशीवर ठेवा. दोन्ही टोकं सारख्या उंचीवर आली नाहीत तर हँडल वाकलंय. आली, आणि गाडी तरीही एका बाजूला ओढते, तर फोर्कचे पाइप काढून लेथवाल्याकडे तपासून घ्या. फ्रेममध्ये फरक आला असेल तर ते घरचं काम नाही.

४. वाकलेलं हँडल पाइप घालून सरळ करून दिलं तर काय बिघडतं? गॅरेजवाला तर पाच मिनिटांत करतो.

करतो, खरंय. पण वाकून पुन्हा सरळ झालेलं स्टील त्याच जागी कडक आणि ठिसूळ होतं. वर क्रोमला बारीक तडा जातो आणि पावसाळ्यात तिथून गंज आत शिरतो. त्र्यंबकहून घरी यायचंय म्हणून रस्त्यात सरळ केलं, हळू चालवत आणलं, इथपर्यंत ठीक. त्यावर वर्षभर चालवायचं नाही. ॲल्युमिनियमचं हँडल वाकलं तर तेवढंही करू नका, ते तुटताना आधी कसलीच कल्पना देत नाही. हँडलला वेल्डिंग मारायचं नाही, मग ते कुठल्याही धातूचं असो.

५. दुकानात कुठलं माप सांगायचं?

सगळ्यात चांगलं म्हणजे जुनं हँडल घेऊनच जा आणि नव्यावर ठेवून बघा. ते शक्य नसेल तर या गोष्टी सांगा.

पहिली, क्लॅम्पमध्ये बसणारा व्यास. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना २२ मिमी. मधोमध जाड आणि टोकांना बारीक होत जाणारं टेपर हँडल असेल तर मधे २८.६ मिमी आणि ग्रिपजवळ २२. हार्ले प्रकारच्या गाड्यांना २५.४ मिमी, म्हणजे एक इंच. दुसरी गोष्ट टोकापासून टोकापर्यंतची रुंदी, तिसरी उंची, चौथी टोकं किती मागे वळलीत ते. पाचवी गोष्ट बरेचजण विसरतात: डाव्या बाजूच्या सरळ भागाची लांबी. तिथे ग्रिप, स्विच आणि क्लच लिव्हरचा ब्रॅकेट असं तिन्ही बसायला हवं. बाक लवकर सुरू झाला तर ब्रॅकेट बाकावर चढतो आणि कधीच नीट बसत नाही.

२८.६ च्या क्लॅम्पमध्ये २२ चं हँडल पत्रा किंवा ट्यूबचा तुकडा गुंडाळून बसवणारे महाभाग आहेत. तसं करू नका.

६. स्टील की ॲल्युमिनियम?

रोजच्या गाडीला स्टील. पडलं तर वाकतं, वाकलेलं दिसतं. ॲल्युमिनियम हलकं असतं, गंजत नाही, पण स्वस्तातलं घेऊ नका. दोन्हीत मधल्या भागावर, जिथे क्लॅम्प पकडतो तिथे, खरखरीत आटे कोरलेले आहेत का बघा. तो भाग गुळगुळीत असेल तर हँडल खड्ड्यात फिरण्याची शक्यता वाढते.

७. हत्यारं कुठली लागतात? टॉर्क रेंच लागतोच का?

१०, १२ आणि १४ चे गोटी पाने, टी पाना, एलन की चा सेट, चांगला स्टार स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, बारीक कानस, केबल टाय, ग्रीस आणि टाकीवर टाकायला जुनी गोधडी. स्विचच्या स्क्रूची डोकी मऊ असतात, त्यामुळे झिजलेला स्क्रू-ड्रायव्हर वापरला तर पहिल्याच स्क्रूला अडकाल.

टॉर्क रेंच असावा असं माझं मत आहे. क्लॅम्पचे बोल्ट बहुतेक गाड्यांत एम ८ चे असतात आणि त्यांना साधारण २० ते २५ न्यूटन मीटर लागतात. एम ६ ला १० च्या आसपास. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच धरा. लांब पान्याने "अजून थोडं" करत बसलं की टीचे ॲल्युमिनियमचे आटे जातात (प्र. २१). विकत घ्यायला महाग वाटत असेल तर सिडको-सातपूरला राहणाऱ्यांनी आधी बिल्डिंगमध्ये विचारावं. कंपनीत असेंब्ली लाइनला काम केलेले कुणी ना कुणी काका निघतातच, आणि टॉर्क रेंच नुसता देणार नाहीत, स्वतः खाली येऊन उभे राहतील.

८. सुरुवातीपासून शेवटपर्यंत क्रम काय ठेवायचा?

हात लावण्याआधी फोटो काढा. वरून, दोन्ही बाजूंनी, आणि वायरी हेडलाइटच्या मागे कुठून जातात त्याचे जवळून. क्लॅम्पच्या पुढे आणि मागे फट किती आहे तेही फोटोत येऊ द्या. काही गाड्यांत पुढची फट पूर्ण बंद आणि मागची उघडी असते, काहींत दोन्ही सारख्या, आणि परत बसवताना तसंच ठेवायचं असतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. टाकी झाका.

आरसे आधी काढा. यामाहाच्या बऱ्याच मॉडेलना उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेने फिरत नसेल तर जोर लावण्याआधी हे आठवा. मग बार-एंडची, म्हणजे हँडलच्या टोकांची, वजनं. उजवीकडे स्विचचा डबा उघडा, ॲक्सिलरेटरची वायर मोकळी करा आणि मूठ बाहेर ओढून घ्या. एफआय (फ्युएल इंजेक्शनच्या) गाडीला दोन वायरी असतील तर कुठली वर, कुठली खाली यावर खूण करा. पुढच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर (लिव्हरला जोडलेला ऑइलचा पंप) क्लॅम्पसकट सोडवून कापडात गुंडाळा आणि त्याची ऑइलची टाकी सरळ वर राहील असा बांधून ठेवा. होजवर लोंबकळत किंवा उलटा सोडला तर हवा आत जाते आणि काम वाढतं. डावीकडे ग्रिप (प्र. ९), स्विच, क्लच लिव्हर. लिव्हरखाली ब्रेकलाइटच्या आणि काही गाड्यांत क्लचच्या स्विचच्या छोट्या पिना असतात. त्या हळूच काढा, ओढल्या तर तुटतात.

शेवटचा क्लॅम्प बोल्ट काढताना दुसऱ्या हाताने हँडल धरा, नाहीतर ते टाकीवर येतं.

नवीन हँडल मधोमध ठेवा. हँडलवर ठिपक्याची खूण असेल तर ती खालच्या क्लॅम्पच्या कडेशी जुळवा. वरच्या क्लॅम्पवर ठिपका किंवा बाण असेल तर तो पुढे. बोल्ट हाताने लावा, गाडीवर बसून कोन ठरवा, मग घट्ट करा. ज्या क्लॅम्पला पुढची फट बंद ठेवायचीय, तिथे आधी पुढचे बोल्ट पूर्ण, नंतर मागचे. बाकी ठिकाणी फुलीच्या क्रमाने थोडे थोडे. मास्टर सिलिंडरच्या क्लॅम्पवर "अप" किंवा बाण असतो, तो वर. मुठीची नळी बसवण्याआधी हँडलचं टोक पुसून कोरडं करा.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. दोन्हीकडे तपासा: टाकीला काही लागतं का, मूठ आणि टाकीत बोटं चिरडतात का, कुठली वायर ताणली जाते का, कुठली स्टॉपरमध्ये चिमटते का. दोन्ही टोकांना ॲक्सिलरेटर पिळून सोडा, तो स्वतःहून खट्‌कन बंद झाला पाहिजे. इंजिन चालू करून पुन्हा तेच. ब्रेकलाइट, हॉर्न, इंडिकेटर, किल स्विच तपासा. यातलं काहीही अडलं तर गाडी रस्त्यावर काढायची नाही, मग हँडल कितीही छान दिसत असो.

पहिली फेरी कॉलनीतच मारा. शंभरेक किलोमीटर झाल्यावर बोल्ट पुन्हा तपासा.

९. ग्रिप निघतच नाही. आणि नवीन बसत नाही. काय लावू?

जुनी टाकायचीच असेल तर ब्लेडने उभी चिरा. वाचवायची असेल तर बारीक स्क्रू-ड्रायव्हर आत सरकवून साबणाचं पाणी सोडा आणि गोल फिरवा. पंक्चरच्या दुकानातल्या हवेच्या नोझलनेही चटकन निघते.

बसवताना ऑइल किंवा ग्रीस लावू नका. ग्रिप आयुष्यभर फिरत राहील आणि ब्रेक मारताना हातात येईल. साबणाचं पाणी चालतं पण वाळायला वेळ लागतो. ग्रिपचा गम सगळ्यात बरा, लावून एक रात्र गाडी उभी ठेवा. उजव्या ग्रिपचं भोक डाव्यापेक्षा मोठं असतं, कारण ती नळीवर बसते, त्यामुळे दोन्ही ग्रिप एकाच हाताच्या आल्यात का ते दुकानातच बघा. नळीच्या आत गम गेला तर ॲक्सिलरेटर चिकटतो, म्हणून उजवीकडे गम बेताने. डिसेंबरात निफाडकडच्या थंडीत रबर कडक होतं, तेव्हा ग्रिप थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवा.

१०. नवीन हँडलला स्विचसाठी भोक नाही. ड्रिल मारू का?

स्विचच्या डब्यात आतून एक छोटी पिन असते. ती हँडलच्या भोकात बसते आणि स्विच फिरू देत नाही. दोन रस्ते आहेत: पिन कानसून काढायची किंवा भोक पाडायचं. पिन काढली तर स्विच फक्त स्क्रूच्या पकडीवर राहतो, आणि उजवीकडे ॲक्सिलरेटरचा डबा फिरला तर वायर ओढली जाते. म्हणून मी भोक पाडण्याच्या बाजूचा आहे. पण सगळं बसवून, गाडीवर बसून, जागा पक्की झाल्यावरच खूण करा. भोक पिनच्या मापाचंच, एका बाजूच्या भिंतीपुरतं. क्लॅम्पजवळ किंवा बाकावर कधीच नाही. टेपर ॲल्युमिनियमच्या हँडलला बनवणाऱ्याने ड्रिल करू नका असं म्हटलं असेल तर ते ऐका आणि पिन काढा.

११. डिस्क ब्रेक आहे, ऑइल काढावं लागेल का? एबीएस असेल तर?

हँडल जवळपास त्याच उंचीचं असेल तर नाही, प्र. ८ मध्ये सांगितल्याप्रमाणे मास्टर सिलिंडर सरळ बांधून ठेवा. होज कमी पडत असेल तर लांब होज घ्यावी लागते आणि मग ऑइल काढणं, नवीन वॉशर टाकणं, हवा काढणं (प्र. १२) हे सगळं आलं. होजच्या बोल्टचे वॉशर प्रत्येक वेळी नवीनच.

२०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे हा प्रश्न वाढलाय. एबीएसचं युनिट न उघडता फक्त हँडल बदलताना काही वेगळं करावं लागत नाही. होज बदलताना हवा युनिटमध्ये गेली तर काही गाड्यांना कंपनीचं स्कॅनर लावूनच ती निघते. म्हणून एबीएसच्या गाडीची होज सर्व्हिस सेंटरला बदला.

१२. ब्रेकचा लिव्हर मऊ लागतो, मुठीपर्यंत येतो. हवा कशी काढायची?

कॅलिपरच्या (चाकाजवळ डिस्क पकडणाऱ्या भागाच्या) निपलला, म्हणजे हवा काढायच्या छोट्या स्क्रूला, पारदर्शक नळी लावा, दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत. लिव्हर काही वेळा दाबा, दाबून धरा, निपल पाव फेरा उघडा, बुडबुडे बाहेर येतील, निपल बंद करा आणि मगच लिव्हर सोडा. हाच क्रम बुडबुडे थांबेपर्यंत. वरची ऑइलची टाकी मधेच रिकामी झाली तर पुन्हा पहिल्यापासून. शेवटचे हट्टी बुडबुडे राहिले तर लिव्हर रात्रभर रबरबँडने ओढून बांधा. सकाळी बऱ्याचदा फरक दिसतो.

टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच वापरा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, यात मिसळायचं नाही. ऑइल हवेतलं पाणी ओढतं. ताजं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. कसारा किंवा सापुताऱ्याचा घाट उतरताना सारखा ब्रेक धरला की याच कारणाने लिव्हर मऊ पडतो. दोन वर्षांनी ऑइल बदला. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नुसतं पुसलं तर रंग उठतो.

१३. हँडल वळवलं की गाडीचा रेस आपोआप वाढतो. का?

ॲक्सिलरेटरची वायर एक तर आखूड पडतेय किंवा चुकीच्या जागेवरून गेलीय. वळताना ती ताणली जाते आणि थ्रॉटल उघडतो. मुंबई नाक्याला यू-टर्न घेताना हे झालं तर काय होईल ते सांगायला नको. आधी वायरीचा मार्ग फोटोशी ताडून बघा. मग मुठीला फिरण्याआधी २ ते ६ मिमी ढिलेपणा आहे का बघा आणि ॲडजस्टरने आणा. तरीही होत असेल तर लांब वायर. आयडलिंग कमी करून हा दोष झाकू नका.

१४. क्लचला किती प्ले ठेवायचा? वायरीला तेल घालावं का?

लिव्हरच्या टोकाला १० ते १५ मिमी प्ले, म्हणजे ढिलेपणा. थोडं वरच्या ॲडजस्टरने, जास्तीचं इंजिनजवळच्या. प्ले अजिबात नसेल तर क्लच घसरतो आणि प्लेटा जळतात. आत नायलॉन किंवा टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या नवीन वायरींना जाड ग्रीस घालू नका, पातळ तेलाचे थेंब पुरतात. जुन्या वायरीला वरच्या टोकाला प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा बांधून त्यात इंजिन ऑइल ओतायचं आणि रात्रभर उभी टांगायची. वायरीची एक तार जरी तुटलेली दिसली तरी बदला.

१५. नुसते रायझर लावले तर चालतील?

२० ते ३० मिमीपर्यंत बऱ्याच गाड्यांच्या वायरी पुरतात, पण "बऱ्याच" म्हणजे सगळ्या नाही. दोन्ही टोकांची तपासणी करायचीच (प्र. ८). बोल्ट लांब लागतात. एम ८ चा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये किमान १२ मिमी आत गेला पाहिजे. पाच-सहा आट्यांवर लटकलेला रायझर म्हणजे हँडलच नसल्यात जमा. एकावर एक दोन रायझर नकोत.

१६. माझ्या आर१५ ला क्लिप-ऑन आहेत. एकच वाकलंय, ते बदलता येईल का?

क्लिप-ऑन थेट फोर्कच्या पाइपला चिमटतात. आर१५, पल्सर आरएस २००, पल्सर २२० या त्यातल्या. एक बाजू वेगळी मिळते हा फायदा, पण व्यास फोर्कशी तंतोतंत हवा आणि बहुतेकदा वरची टी उचलावी लागते. टी उचलली की कोनसेटचा ताण बदलू शकतो (प्र. १८). म्हणून एकदा कुणासोबत करून बघा. क्लिप-ऑन काढून सरळ हँडल टाकायचं तर टी, वायरी, होज, फेअरिंगची जागा सगळं बदलतं. त्यापेक्षा गाडी बदला, हे मी गंमतीने म्हणत नाहीये.

१७. ॲक्टिव्हाचं हँडल?

ते प्लास्टिकच्या आत असतं आणि स्टेमवर (चाक वळवणाऱ्या मधल्या दांड्यावर) बोल्टने बसतं. कव्हरच्या क्लिपा काढण्यातच निम्मं काम. क्लिपा तुटल्या की आयुष्यभर खडखड. मेकॅनिकला द्या.

१८. पुढचा ब्रेक मारला की "टक" आवाज येतो. हँडल सरळ असताना अडकल्यासारखं होतं. हँडल बदलून जाईल?

नाही, हे कोनसेटचं दुखणं आहे. म्हणजे स्टेमच्या वर-खाली असलेल्या गोळ्या आणि त्यांच्या वाट्या. पुढचं चाक जमिनीवरून उचला. फोर्कचे खालचे टोक धरून पुढे-मागे हलवा. टकटक झाली तर सैल. मग हँडल एका बोटाने हळू वळवा. मधोमध खाच लागल्यासारखं अडकलं तर वाट्यांना खड्डे पडलेत. सैल असेल तर वरचा गोल नट थोडा आवळून भागतं, जास्त आवळला तर हँडल जड होतं आणि गाडी सरळ रेषेत डगमगते. खड्डे पडले असतील तर पूर्ण सेट बदलायचा, नुसत्या गोळ्या नाही. काही गाड्यांना टेपर रोलरचा सेट मिळतो, तो जास्त टिकतो.

दिंडोरी-निफाडच्या बाजूने हा प्रश्न जास्त येतो आणि कारण बहुतेक हँडलला लटकवलेले दुधाचे कॅन. कच्च्या रस्त्यावर ते वजन हँडल आणि कोनसेट दोन्हीवर आदळत राहतं. कॅन मागे कॅरियरला बांधा. हल्ली सिंहस्थाच्या कामांसाठी खोदलेल्या रस्त्यांमुळे शहरातही कोनसेट लवकर जातात.

१९. क्लॅम्पचे बोल्ट फुल घट्ट आहेत, तरी हँडल पुढे-मागे हलतं.

बऱ्याच गाड्यांत क्लॅम्पचा खालचा भाग टीवर रबर बुशमध्ये बसतो, झटके कमी व्हावेत म्हणून. ते बुश झिजले की वरचे बोल्ट कितीही आवळा, हलणारच. टीच्या खालून नट असतो, तो आणि बुश तपासा. बुश स्वस्त असतात. पण टकटक ब्रेक मारतानाच येत असेल तर प्र. १८.

बुश ठीक असूनही मुठीत मुंग्या येत असतील तर बार-एंडची वजनं आहेत का बघा. हँडल बदलताना ती बाजूला राहून गेलेली असतात.

२०. वायरिंग आखूड पडतंय. जोड देऊ का?

आधी हेडलाइटच्या मागची केबल टाय कापून बघा, तिथे बऱ्याचदा थोडी ढील गुंडाळलेली असते. जोड द्यायचाच तर त्याच जाडीची, त्याच रंगाची वायर, सोल्डर करून वर हीट श्रिंक. नुसती पिळून काळी टेप लावलेला जोड जून-जुलैत इगतपुरीच्या पावसात एक दिवस टिकत नाही. जोड हेडलाइटच्या आत घ्या, हँडलच्या वळणावर नको. थ्रॉटल बाय वायर असलेल्या, म्हणजे ॲक्सिलरेटर केबलऐवजी सेन्सरवर चालणाऱ्या, गाडीत ॲक्सिलरेटरच्या सेन्सरची वायर मात्र कापायची नाही.

२१. बोल्ट गोल फिरतोय, घट्टच होत नाही.

आटे गेले. एम-सील, फेविक्विक, जाड बोल्ट ठोकणं, यातलं काही नाही. टी काढून लेथवाल्याकडे द्या, तो मोठं भोक पाडून हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवतो आणि त्याच मापाचा बोल्ट पुन्हा चालतो. नीट बसवलेलं हेलिकॉइल मूळ ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा मजबूत असतं. सातपूर आणि अंबड एमआयडीसीच्या गल्ल्यांत हे काम करणारे भरपूर आहेत. एकच बोल्ट गेला म्हणून तीन बोल्टांवर चालवू नका.

२२. हँडल जास्त रुंद आहे, गर्दीत अडकतं. कापू का?

कापा, पण दोन्हीकडून सारखं आणि थोडं थोडं. आधी ग्रिप, स्विच, लिव्हर आत सरकवून बघा. जागा उरत असेल तरच करवत. कापलेली कड कानसून गोल करा, नाहीतर ती ग्रिप फाडते. बार-एंड आतल्या आट्यांवर बसत असेल तर कापल्यावर ते आटे निघून जातात, हे आधीच बघा.

२३. पोलीस किंवा आरटीओ दंड करतील का? विमा चालेल?

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे म्हटलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आरसीवर हँडलचं माप लिहिलेलं नसतं. खराब झालेल्या हँडलच्या जागी तसंच हँडल टाकणं ही साधी दुरुस्ती आहे. डोक्याच्या वर जाणारं, खांद्याबाहेर पसरलेलं हँडल मात्र नजरेत भरतं आणि मग रस्त्यावर वाद घालायची वेळ येते. आरसे परत लावा, हँडल बदललेल्या गाड्यांवर आधी तेच गायब असतात. शंका असेल तर एमएच १५ वाल्यांनी पेठ रोडच्या आरटीओत विचारून घ्यावं. वेगळ्या मापाचं हँडल टाकलं तर विमा कंपनीला लेखी कळवा. गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरशी बोला.

२४. पावसाळ्यानंतर काय काय बघायचं?

क्लॅम्पच्या बोल्टांच्या डोक्यातलं साचलेलं पाणी, वायरींची वरची टोकं, लिव्हरच्या पिना, स्विच. पिना काढून पुसा, ग्रीस लावा. स्विचमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, डिझेल नको. प्रेशरने गाडी धुताना पाण्याचा फवारा कोनसेटवर आणि स्विचवर रोखू नका, वॉशिंगवाल्याला तिथेच उभं राहून सांगा.

२५. जुनं हँडल आणि जुनं ब्रेक ऑइल कुठे टाकू?

ऑइल झाकणाच्या बाटलीत भरून गॅरेजला द्या, ते जळक्या ऑइलच्या पिंपासोबत गोळा करणाऱ्याकडे जातं. गटारात ओतलं तर शेवटी गोदावरीतच. हँडल भंगारात देताना करवतीने मधोमध कापून द्या. नाहीतर तेच सरळ करून, क्रोम मारून दुसऱ्या कुणाच्या गाडीवर चढतं.